नाव देणाऱ्याचे ऋण

एखाद्या जिवाला शास्त्रात नाव नसले तर त्याचे काय अडते, असे कोणी विचारले तर पहिले उत्तर 'काहीच नाही' असेच येईल. जांभ्याच्या भेगेत किंवा झाडाच्या सालीखाली वस्ती करून असलेला विंचू आपल्या नावाची वाट पाहत नसतो. रात्र पडली की तो बाहेर येतो, किडा-कीटक पकडतो, ऋतू आला की जोडीदार शोधतो. आणि मादी असेल तर पोटची पिले पाठीवर घेऊन हिंडते. लॅटिन वळणाचे दोन शब्द त्याला चिकटल्याने या जीवनक्रमात तसूभरही फरक पडत नाही. असे असताना काही माणसे आयुष्याची ऐन वर्षे खर्चून रात्री-अपरात्री डोंगरातले दगड उलथीत हिंडतात आणि अनामिक विंचवांना नावे देतात. याला केवळ छंद म्हणावे, की यात काही कर्तव्यही आहे? आणि कर्तव्य असेल, तर ते कोणाचे आणि कोणाप्रति? या प्रश्नाचा विचार करावा, असा आमचा मानस आहे.

प्रश्न दूरदेशीचा नाही. डिचोलीहून सावंतवाडीमार्गे दोन-तीन तासांच्या वाटेवर असलेल्या आंबोलीच्या नावाने २०२० साली एक विंचू शास्त्रात दाखल झाला: आयसोमेट्रस आंबोली. त्याच शोधनिबंधात ताम्हिणीच्या नावाचाही दुसरा एक विंचू होता. हे दोन्ही जीव दिसायला आपल्या जातभाईंशी इतके मिळतेजुळते की नुसत्या नजरेने त्यांचा वेगळेपणा ध्यानात येऊ नये. शरीररचनेच्या बारीक मोजमापांना जनुकांच्या तपासणीची जोड दिल्यावर तो सिद्ध झाला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतर्फे लोरेन्झो प्रेंदिनी आणि स्टेफनी लोरिया यांचा आशियातील मोठ्या वनविंचवांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्यांना आपल्याकडे काळी इंगळी म्हणतात त्यांच्या आप्तांची त्यात नव्याने मांडणी झाली, आणि एका नव्या प्रजातिगटाला 'सह्याद्रिमेट्रस' असे आपल्या पर्वताचे नाव मिळाले. आपल्या गोव्याचे नावही अशा नोंदींत आहे. २००७ साली एका देवगांडुळाच्या नावात गोवा आला, आणि २०१८ साली एका बेडकाच्या जातीला 'गोएम्ची', म्हणजे आपल्या बोलीतले 'गोंयची', हे नाव देण्यात आले.

या कामाची परंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणारे रेजिनाल्ड इनिस पोकॉक यांनी १९०० साली हिंदुस्थानातील विंचू आणि कोळी यांच्यावरचा आपला ग्रंथ सिद्ध केला. त्यानंतर इतका विस्तृत ग्रंथ निघण्यास १९८३ साल उजाडावे लागले. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागासाठी डॉ. बी. के. टिकादर आणि डॉ. डी. बी. बस्तावडे यांनी तो लिहिला. पुण्याला बसून हे काम करणारे डॉ. बस्तावडे २०२० च्या आंबोलीच्या निबंधातही सहलेखक आहेत. या दोन नोंदींच्या मध्ये सदतीस वर्षे गेली. जगात आजवर अडीच हजारांहून अधिक विंचवांच्या जाती वर्णिलेल्या आहेत, आणि भारतातील जाती शंभराच्या पुढे आहेत. प्रत्येक आकड्यामागे असेच कोणाचे तरी चिकाटीचे आयुष्य उभे असते.

काम कसे चालते, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. कारण नैतिक प्रश्न या तपशिलातच दडलेला आहे. अतिनील किरणांच्या प्रकाशात विंचवाचे कवच हिरवट-निळसर चमकते. म्हणून संशोधक अंधाऱ्या रात्री तशी विजेरी घेऊन निघतात. दिवसा दगड उलथावे लागतात, साली खरवडाव्या लागतात. सापडलेला जीव मद्यार्कात ठेवला जातो. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पोटाखालच्या फणीसारख्या अवयवाचे दात मोजणे, नांग्यांवरील संवेदनशील केसांची संख्या आणि जागा टिपणे, शेपटीच्या पेरांवरील कंगोरे पाहणे असा क्रम चालतो. नराच्या बाबतीत पोट उघडून आतील जननेंद्रियांचा भागही तपासतात. शेवटी एका नमुन्याची निवड होते. ते नाव कायमचे त्या एका देहाशी बांधले जाते, आणि पुढे केव्हाही वाद उपस्थित झाला तर त्याच देहाला साक्षीला बोलावले जाते. प्राणिशास्त्रात त्याला 'होलोटाइप' म्हणतात. २००० सालापासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नव्या जातीचे नाव देताना असा नमुना स्पष्टपणे नेमून देणे बंधनकारक आहे. आपल्या देशाच्या २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसारही नव्या जातीचा नमुना अधिकृत संग्रहालयात जमा करावा लागतो.

म्हणजे नाव मिळण्यासाठी त्या जातीतल्या एकाने, बहुधा अनेकांनी, प्राण द्यायचे असतात. बारशालाच बळी, असा हा विचित्र संस्कार आहे. त्याची बाजू मांडणारे म्हणतात की एका पावसाळ्यात, एका रस्त्याच्या कामात जितके विंचू मरतात त्यापुढे हे पाच-दहा जीव नगण्य होत. हिशेब खरा आहे, पण अपुरा आहे. कित्येक विंचवांची गर्भावस्था काही महिन्यांपासून वर्षाहूनही अधिक काळ चालते, पिले सावकाश वाढतात, आणि काही जाती एखाद्या डोंगराच्या ठरावीक कड्यापलीकडे आढळतच नाहीत. अशा ठिकाणी गर्भार माद्या उचलल्या, तर ते पाच-दहा नगण्य राहत नाहीत.

येथे एका वेगळ्या वाटेचे उदाहरण आठवते. अरुणाचल प्रदेशातील ईगलनेस्टच्या अरण्यात पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ रमणा अत्रेय यांना एक अपरिचित पक्षी आढळला. त्याची संख्या फार थोडी दिसत होती. २००६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध करताना त्यांनी पक्षी मारला नाही. पकडलेल्या पक्ष्याची मापे, छायाचित्रे आणि काही पिसे घेऊन त्याला सोडून दिले, आणि तेथील बुगुन जमातीचे नाव त्याला दिले. विंचवाच्या बाबतीत हे जसेच्या तसे करता येणार नाही. त्याची ओळख पिसावर पटत नाही. पण अत्रेय यांनी घालून दिलेला धडा पद्धतीचा कमी आणि वृत्तीचा अधिक आहे. घेण्यापूर्वी किती आहेत ते पाहावे, लागेल तेवढेच घ्यावे, आणि जे घेतले त्याचा हिशेब उघडपणे द्यावा, हा तो धडा. दगड उलथला तर तो जसाच्या तसा परत ठेवावा, हा साधा शिरस्ताही याच वृत्तीतून येतो. त्या दगडाखालचा ओलावा हे कोणाचे तरी घर असते.

यावर असा आक्षेप येईल की 'शोध' हा शब्दच मुळात अहंकाराचा आहे. आपल्या गावांतून कुळागरात राबणाऱ्या, नारळाच्या सोडणांची रास उपसणाऱ्या, चिऱ्यांचे गडगे रचणाऱ्या माणसांना विंचू ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते, आणि चांगले ठाऊक होते. मोठी काळी इंगळी आणि लहानखुरा लाल विंचू यांतला फरक खेड्यातले पोरही सांगते. दिसायला भयंकर ती इंगळी असली तरी जिवावर बेततो तो लाल, हेही सांगते. वारुळाला सातेरीचे रूप मानणाऱ्या आपल्या या भूमीत जमिनीच्या पोटातल्या जिवांविषयी एक जुना धाक आणि आदर आहे. तेव्हा संशोधक जेथे पोहोचतो तेथे आधीच कोणीतरी पोहोचलेले असते, हे मान्य केलेच पाहिजे.

तरीही या दोन ज्ञानांत एक भेद आहे. गावाचे ज्ञान बहुधा 'हा आपल्याला काय करील?' या प्रश्नाचे उत्तर असते. वर्णन करणारा शास्त्रज्ञ 'हा स्वतः कोण आहे?' असे विचारतो. आपल्या वाङ्मयातही विंचू बहुतेक दुसऱ्या कशासाठी तरी आलेला आहे. एकनाथांच्या 'विंचू चावला' या भारुडात तो विकारांचे रूपक होऊन येतो. पाण्यात बुडणाऱ्या विंचवाला पुन्हा पुन्हा उचलणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा डंख सोसणाऱ्या साधूची गोष्ट सर्वपरिचित आहे. तेथेही विंचू साधूची क्षमा तोलण्यापुरता आहे. चामुंडेच्या मूर्तीच्या पोटावर कोरलेला विंचू भुकेची आणि संहाराची खूण म्हणून वाचला जातो. रूपक म्हणून हे सर्व थोरच आहे. परंतु त्यांत आंबोलीचा विंचू आणि ताम्हिणीचा विंचू यांना वेगळे अस्तित्व नाही. विंचू तेवढा एकच. फणीचे दात मोजत बसलेल्या माणसाने त्या जिवाला प्रथमच स्वतःपुरते पाहिले. असे निरपेक्ष पाहणे हाही एक नैतिक व्यवहार आहे, असे आम्हांस वाटते.

पाली परंपरेत याच्या जवळ जाणारे एक स्थळ आहे. 'खंधपरित्त' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाठात बिनपायी, द्विपाद, चतुष्पाद आणि बहुपाद अशा सर्व जिवांप्रति मैत्री व्यक्त केली आहे, आणि पुढे साप, विंचू, गोम, कोळी यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. त्यांनी आपल्याला इजा करू नये अशी विनवणीही तेथे आहे. ज्या गोव्याच्या साखवाळ गावाने धर्मानंद कोसंबींसारखा पालीचा पंडित दिला, तेथील वाचकांना याचे मोल वेगळे सांगायला नको. आम्हांला त्यात विशेष वाटते ते हे की, मैत्री 'सर्व जीव' या गोळाबेरजेवर थांबत नाही. ज्याची भीती वाटते त्याचे नाव उच्चारूनच ती पुढे जाते. नाव घेतल्याविना मैत्रीही मोघम राहते.

नाव घेण्याचा व्यवहारात उपयोग आहे, आणि तो लहान नाही. रायगड जिल्ह्यातील महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचा जो अभ्यास केला तो १९८२ पासून 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात येत गेला. दंशानंतर हृदयावर येणारा ताण आणि फुप्फुसात साचणारे पाणी यांचा माग काढीत त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध वापरात आणले. गंभीर दंशातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास उतरले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लाल विंचवाच्या विषावरचे प्रतिविष मुंबईच्या हाफकिन संस्थेने तयार केले. कोणता विंचू चावला हे ठाऊक असणे म्हणजे कोणता उपचार करावा हे ठाऊक असण्याची पहिली पायरी आहे. आज ज्याला आपण एकच जात समजतो त्या उद्या दोन निघाल्या, तर प्रतिविष दोघींवर सारखेच लागू पडेल असे धरून चालता येत नाही.

परंतु उपयोगाच्या या युक्तिवादावर सर्व भार टाकू नये. आंबोलीच्या चिमुकल्या विंचवाने कोणाचा प्राण घेतल्याचे ऐकिवात नाही, आणि त्याच्यापासून उद्या औषध निघेल असेही आश्वासन देता येत नाही. ज्याचा उपयोग नाही त्याच्याविषयी कर्तव्यही नाही, असे मानले तर मनुष्यसमाजातही अनेकांना आपण कर्तव्यकक्षेबाहेर ढकलू. म्हणून उपयोगाने ज्याचे समर्थन होत नाही, त्याला नाव देण्याचे कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

ते कारण आमच्या मये गावाच्या इतिहासातून आम्हांला दिसते. १९६१ साली पोर्तुगीज राजवट संपली, आणि पुढे १९६४ च्या कायद्याखाली या गावची बरीचशी जमीन स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून कस्टोडियनच्या अखत्यारीत राहिली. पिढ्यान् पिढ्या येथे नांदणारी, घरे शाकारणारी, बागायत राखणारी कुटुंबे होतीच. कमी होती ती त्यांच्या नावाची कागदावरची नोंद. २०१४ साली विधिमंडळाने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्यानंतर सनदांची प्रक्रिया सुरू झाली. मधल्या अर्धशतकात माणसे राहत नव्हती असे नाही; पण नोंदीवाचून राहणे म्हणजे काय, हे त्यांनी अनुभवले. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची घराणी कधीकाळी घाटावरून किंवा कोकणातून येऊन येथे स्थिरावली. जुन्या दप्तरातल्या एका ओळीचे वजन किती असते, हे त्यांनाही ठाऊक आहे.

विंचवाची गोष्ट याहून फार निराळी नाही. डिचोलीच्या डोंगरांत लोहखनिजाच्या खाणी आहेत. त्या २०१२ साली थांबल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा थांबल्या, आणि २०२२ साली नव्या लिलावाने पुन्हा उघडण्याच्या मार्गाला लागल्या. लिलावातील एका पट्ट्याच्या नावातच शिरगावबरोबर मये आहे. खाणीचे अर्थकारण येथील शेकडो घरांच्या चुलीशी जोडलेले आहे, त्यामुळे आम्ही त्याविषयी सवंगपणे बोलणार नाही. पण एक गोष्ट नमूद केली पाहिजे. अशा प्रकल्पापूर्वी पर्यावरणावरील परिणामांचा जो अहवाल केला जातो त्यात डोंगरावरील जिवांची यादी असते, आणि यादीत येण्यासाठी नाव असावे लागते. ज्याला नाव नाही तो त्या यादीत 'अनुपस्थित' ठरतो. डोंगर गेला तर तो जीव गेला असेही कोणी म्हणू शकत नाही, कारण तो होता असेच कोठे लिहिलेले नाही. त्याची हानी हानी म्हणून मोजलीच जात नाही.

येथे एक तात्त्विक अडचण उभी राहते. जिवाचे मोल नावावर अवलंबून असावे काय? असू नये, हे उघड आहे. नावाआधीही तो तितकाच होता. परंतु मोल असणे आणि मोलाची दखल घेतली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायदा, न्यायालय आणि सरकारी दप्तर यांच्या जगात मुक्याची बाजू कागदच मांडतो. संशोधकाचे रुक्ष वर्णन, मिलिमीटरमधली मापे, जागेचे नाव, तारीख, हे सारे त्या जिवाच्या वतीने दाखल केलेले कैफियतपत्र असते. नाव त्याला मोल देत नाही. बाजू मांडण्याचा हक्क तेवढा देते. आणि 'त्यांना नावे देऊन सतावू नका, सुखाने राहू द्या' असे म्हणणाऱ्याने हेही सांगितले पाहिजे की बुलडोझर त्यांना सुखाने राहू देणार आहे काय.

मात्र कैफियत दाखल करणाऱ्याने तेवढ्यावर मोकळे होऊ नये. नोंद कधीकधी उलटते. दक्षिण चीनमधील एका सुंदर पालीच्या जातीचे वर्णन १९९९ साली प्रसिद्ध झाले. निबंधात जागा दिली होती. प्राणी पाळण्याच्या बाजारात तिला भाव आला, आणि मूळ ठिकाणाहून ती जवळपास नाहीशी झाली. २००६ साली 'सायन्स' नियतकालिकात काही संशोधकांनी याकडे लक्ष वेधले की शास्त्रीय वर्णनच जातीवर संकट आणू शकते. विंचवांचाही असा बाजार आहे; आफ्रिकेतील सम्राट विंचवाच्या व्यापारावर त्यामुळेच आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. तेव्हा कोणते ठिकाण उघड करावे आणि कोणते केवळ संग्रहालयाच्या दप्तरात ठेवावे, हा प्रश्न शिष्टाचाराचा नसून नीतीचा आहे. सत्य सांगणे हे शास्त्राचे व्रत खरे, पण कोणते सत्य कोणाच्या हाती द्यावे याचा विवेक त्या व्रतातच येतो.

शिवाय नाव कोणते, हाही विवेकाचाच भाग आहे. कोकणातल्या लाल विंचवाचे शास्त्रीय नाव हॉटेनटोटा टॅम्युलस. यांतील दुसरा शब्द १७९८ साली फाब्रिसियसने दिला आणि त्यात तमिळ देशाचा निर्देश आहे. पहिला शब्द दक्षिण आफ्रिकेतील खोईखोई लोकांना वसाहतवाल्यांनी ठेवलेल्या, आज अपमानास्पद मानल्या जाणाऱ्या नावावरून आला. आपल्या अंगणातला जीव असा दोन परक्या भूमींची नावे, त्यांतले एक हिणवणारे, वागवीत फिरतो. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव फिप्सन यांचे नाव १८९३ साली पोकॉक यांनी एका काळ्या विंचवाला दिले. दगड उलथणाऱ्या हातांची नावे मात्र अशा यादीत क्वचितच येतात. आपल्या भाषेत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचे अंतर आहे, आणि इतिहासात ते अनेकदा पुसले गेले. म्हणूनच २०१९ साली एका नव्या जातीला 'हॉटेनटोटा विंचू' हे नाव मिळाले, ही घटना आम्हांला लहान वाटत नाही. वृश्चिक, विच्छिक, विंचू असा प्रवास करून आलेला आपला शब्द त्या जुन्या नावाशेजारी जाऊन बसला, आणि जे त्या जिवाला आधीपासून ओळखत होते त्यांची नोंद शास्त्राने घेतली.

या सर्वांतून आमच्या मनाशी जो निष्कर्ष येतो तो असा. नाव ही त्या जिवाला दिलेली देणगी नव्हे. त्याने ती मागितली नव्हती, आणि तिच्यासाठी त्याच्या जातीने देहाची किंमत आधीच चुकती केली आहे. नाव हे देणाऱ्याने अंगावर घेतलेले ऋण आहे. काचेच्या बरणीत मद्यार्कात पडलेला तो एक विंचू आपल्या उरलेल्या भाईबंदांसाठी कायमचा जामीन राहिला आहे. त्याच्या बदल्यात त्या डोंगराकडे लक्ष ठेवणे, त्याचे ठिकाण जपून उघड करणे, आणि गरज पडली तेव्हा साक्षीला उभे राहणे, एवढे तरी नाव देणाऱ्याकडून येणे आहे.

हे देणे एकट्या शास्त्रज्ञाचे नाही. ज्या गावाचे नाव जातीला मिळते ते गावही त्यात भागीदार होते. आंबोलीचे नाव घेऊन एक विंचू जगाच्या दप्तरात गेला. तो तेथल्या डोंगरातून नाहीसा झाला, तर ते नाव पोकळ होईल. उद्या एखाद्या जिवाला आपल्या सड्यांचे, आपल्या रानांचे नाव मिळाले, तर आनंद अवश्य मानावा. पण त्याच बैठकीत, त्या जिवाचा दगड जागच्या जागी राहील याची तजवीज कोण करणार, हेही ठरवावे. आपली म्हण विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असल्याचे सांगते. खरे पाहता पाठीवर असतात ती पिले. बिऱ्हाड दगडाखालीच असते, आणि तो दगड त्याला हलवता येत नाही. हलवतो तो माणूस. म्हणून जागच्या जागी ठेवण्याची जबाबदारीही त्याचीच.